कुत्र्यांची मोजणी

दवंडी झाली होती: घरटी एकच कुत्रं ठेवायचं, पिल्लं सापडली तर मारायची. मोजणीचा कारकून तोरण्याखालची चढण चढून फुलाबाईच्या पडवीत टेकला, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. म्हातारी पाणी आणायला आत गेली. समोर पितळीत गुळाचा शिरा निवत होता. कुणी बघत नाही असं पाहून त्यानं तो चाटूनपुसून संपवला. "रावसाब, बाळंतिणीचा शिरा हुता त्यो!" फुलाबाई दारातून किंचाळली. "कोण बाळंतीण?" तिनं कोपऱ्यातलं डालं उचललं. सात पिल्लांना पाजत कुत्री रिकाम्या पितळीकडे बघत होती. कारकुनानं मिशीवरचा शिरा पुसला. "कुठं बोलू नका, बाई." "मी कशाला बोलू? पर पिल्लं लिवलीत, तर शिऱ्याचंबी लिवावं लागंल." त्यानं कागदावर 'कुत्रं एक, पिल्लं नाहीत' लिहिलं. फुलाबाईनं कढई पुन्हा चुलीवर ठेवली. "बारशाला या बरं, रावसाब!"