ढोल्याचा पहिला गिअर

“बाबा, हा ट्रक कधी रस्त्यावर येणार आहे, की त्यात कोंबड्या पाळायच्या?”

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून तिने विचारलं. चष्मिष आणि बाकीची टोळी फाटकाबाहेर कान टवकारून उभी होती.

बाबांनी पाना खाली ठेवला. “रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे ना? सगळ्यांत पुढे ढोल्या असेल. सांग तुझ्या पलटणीला.”

झालं. दुसऱ्या दिवशी तिने ही बातमी शाळाभर केली.

ढोल्या म्हणजे सैन्याने मोडीत काढलेला ट्रक. लिलावात घेतला तेव्हा तो दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून घरी आला होता आणि शेजाऱ्यांनी नाकं मुरडली होती. तेव्हापासून बाबा सायकलवरून कामावरून आले, की कपडेही न बदलता त्याच्याखाली शिरत. मागोमाग तीही. ब्रेकच्या नळीतली हवा काढणं तिला आता झोपेतही जमलं असतं. वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या बाबांनी मुलीला कार्ब्युरेटर उघडून दाखवला होता? कुणाच्याच नाही.

बाबांना इंजिनाची भाषा कळे. आई गाडी घेऊन बाजारात निघाली, की शेजारी बसून ते सारखे म्हणत, “गिअर बदल. रडतंय ते बिचारं.” आई हसायची आणि बदलायची.

रविवारी अख्खी गल्ली जमली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वर चढले. बटण दाबलं. ढोल्या असा घुमला, की खिडक्यांची तावदानं थरथरली. तिची मान ताठ झाली.

मग ढोल्याने फाटकाकडे एक उडी मारली आणि गप्प.

पुन्हा घुमला. पुन्हा उडी, पुन्हा गप्प. आता तो बरोबर फाटकात अडकला होता.

“ट्रक आहे की बेडूक गं?” चष्मिष म्हणाली.

“पेट्रोलमध्ये कचरा असणार,” बाबा घाम पुसत म्हणाले. “हवालदार, गाळणी बघ.”

हवालदार म्हणजे तीच. तिने गाळणी काढली, लख्ख होती. प्लग पाहिले, तारा पाहिल्या. उभ्या उभ्या ढोल्या दिवसभर घुमला असता, गिअर टाकला की मरत होता. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

“विकून टाकू,” बाबा म्हणाले. “आपल्या आवाक्यातलं काम नाही हे.”

“आधी फाटकातून तर काढ,” आई म्हणाली. मग अगदी हळू, “मी घेऊ?”

बाबा खाली उतरले. आई बाह्या सारून चढली. ढोल्या घुमला, आणि पाण्यावरून होडी सरकावी तसा रस्त्यावर गेला. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला.

“सुटला वाटतं कचरा,” बाबा पुटपुटले.

तिने बाबांकडे पाहिलं. मग आईकडे. आई आरसा नीट करण्यात फारच गुंतली होती.

तिने बाबांचा तेलकट हात धरला, त्यांना आईशेजारच्या जागेवर चढवलं आणि दोघांच्या मध्ये डोकं घातलं.

“विकायचा नाही,” ती गल्लीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली. “आज आई चालवेल. बाबा, तुम्ही छाती काढून बसा, सगळं तुम्हीच जोडलंय. आणि उद्यापासून शाळा सुटली, की आपण तिघं मोठ्या मैदानावर. बाबा, तुम्ही गाडी चालवायला शिकताय.”