अकरावा चिंचोका

अंकिताचा झाडू सासूच्या पलंगाखाली कशाला तरी अडला. तिने वाकून ते बाहेर ओढलं. बोचकं होतं. दोन लुगडी, पितळी तांब्या, देवांच्या तसबिरी, सगळं गाठ मारून तयार.

आता दीपेश म्हणणार, आईचं डोकं पुन्हा फिरलं. तिचा नवरा म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारा. दोघंही नोकरीला जाणारी, घरी म्हातारीवर नजर ठेवायला कुणी नाही. पुन्हा भूल पडायला लागली तर आश्रम बघायचा, हे त्याने जड मनाने का होईना, ठरवून टाकलं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचं गाव प्रकल्पात गेलं. मग ओवे, कोन, पुन्हा ओवे अशी आसपासच्या गावांत भाड्याची पाच घरं झाली. करार दर वेळी अकरा महिन्यांचा. एका घरात दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. सासू, चंद्रावती, शेजाऱ्यांची दारं आपली म्हणून वाजवायची. न्हाणीघर शोधत गॅलरीत जाऊन उभी राहायची. डॉक्टरांनी विचारलं, महिना कोणता चालू आहे? ती नुसती बघत राहिली. वयाचा विसर थोडा आहेच, डॉक्टर म्हणाले, पण यांना एका जागी राहू द्या, हाताला एक तरी भिंत ओळखीची होऊ द्या. तेव्हा कुठे दीपेशने पनवेलात स्वतःचं घर घेतलं.

आणि गुण आला की! हात न चाचपडता बटणावर जाऊ लागला. समोरच्या रंजिताच्या नातवाचं नावसुद्धा तिच्या लक्षात राहिलं. सगळं इतकं छान चाललं होतं, आणि आता हे बोचकं.

अंकिताचा स्वभाव मुळातच चौकस. कोनच्या घरातही असाच झाडू अडला होता, हे तिला आठवलं. त्यानंतर महिन्याभरातच ते घर सोडावं लागलं. ओव्यालाही तसंच झालं होतं. घर बदलायच्या धांदलीत कुणी ताळा जमवून पाहिला नव्हता. डॉक्टरांना महिना सांगू न शकलेल्या बाईला करार संपत आल्याचं कळायचं तरी कसं?

तिने सरळ जाऊन विचारलं. चंद्रावतीने उशाखालून तंबाखूची जुनी डबी काढली आणि पलंगावर पालथी केली. चिंचोके होते. या घरात आल्यापासून दर संकष्टीला, चंद्र बघून झाला की ती एक चिंचोका डबीत टाकत होती. अंकिताने मोजले. दहा. परवा संकष्टी होती.

"परवा अकरावा परल," सासू म्हणाली. "मंग बांदाबांद नको करायला?"

अंकिताला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. आई विसरल्या नव्हत्या. अख्ख्या घरात हिशेब एकट्या त्यांनीच ठेवला होता. दीपेशला हे कधी सांगते असं तिला झालं. आश्रमाचं नाव आता कुणी काढणार नव्हतं. ती धावत जाऊन कपाटातून घराचे कागद घेऊन आली. हे घर आपलं आहे, तिने समजावलं, इथे अकरा महिन्यांची भानगड नाही, हे बघा, दीपेशचं नाव, तुमचं नाव, वर सरकारी शिक्का.

चंद्रावतीने कागद हातात घेतले. शिक्क्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली. तिला सगळं नीट समजलं होतं. मग तिने बोचक्याची गाठ सोडली आणि लुगड्यांच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत गावच्या घराच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, चाळीस वर्षांच्या, ओळीने लावलेल्या. प्रत्येकीवर तिच्या नवऱ्याचं, दयारामचं नाव होतं आणि खाली शिक्का. तिने त्या सुनेच्या कागदांशेजारी नीट मांडल्या.

"कागद अजून हायेत गो," ती म्हणाली. "घर नाय."