दगडापाशी ढोकरी

उत्तमरावांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढून बायकोच्या हातात दिली. "पाह्य, त्या धुण्याच्या दगडापाशी ढोकरी बसली हाय."

कोकिळाबाईंनी ती घाईघाईनं डोळ्यांना लावली. ढोकरी पक्षी कोणाला बघायचा होता! पलीकडच्या काठावर त्यांची रेणुका धुणं आपटत होती. पोट दिसायला लागलं होतं. उन्हानं तलाव चकाकत होता आणि लेक त्या उजेडात तरंगत असल्यासारखी वाटत होती.

"बरी हाय ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"हाव, बरी हाय."

दोन वर्षांपूर्वी रेणुकानं पलीकडच्या गावातल्या प्रसेनजितशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा उत्तमरावांनी बजावलं होतं, "तिचं नाव या घरात निघालं नाही पाह्यजे." फोनसुद्धा बंद. माणूस भारी हट्टाचा. पुढं त्यांना हे पक्ष्यांचं वेड लागलं आणि कोकिळाबाईंना देवच पावला. रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन त्या सोबत निघायच्या. नवऱ्याला फसवतोय म्हणून जीव खायचा, पण राहवायचं नाही. पहिलं बाळंतपण, आणि माहेरचं दार बंद!

मध्ये एकदा बुलढाण्याहून पक्षी मोजायला आलेली डिंपल हसली होती. "काका, सूर्य तोंडावर घेऊन कोणी पक्षी पाह्यते काय? सगळे काळेच दिसतीन. त्या काठावरून पाहा ना."

"मले हाच काठ बरा," म्हणत त्यांनी वहीत काहीतरी टिपलं होतं.

मे लागला. पाणी आटलं, पलीकडचा काठ रोज थोडा जवळ आला. पक्षी पांगले. मग रेणुकाही यायची थांबली. पहिल्या दिवशी कोकिळाबाईंनी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी घास उतरेना. विचारायचं कोणाला?

चौथ्या दिवशी उत्तमरावांनी दुर्बीण दिलीच नाही. बराच वेळ बघत राहिले. मग वही तिथंच टाकून, चपला हातात घेऊन गाळात उतरले.

"अवो, कुठी चालले?"

"जवळून पाहून येतो."

पक्ष्यासाठी एवढा जीव टाकतो हा माणूस! कोकिळाबाईंना रडू कोसळलं. रागारागानं त्यांनी पहिल्यांदाच ती वही उघडली. पानोपानी तारखा होत्या. धुणं जास्त होतं. आज खोकली. कंबर धरून उठली. सातवा असावा, ओटी कोणी भरली असेल? पक्ष्याचं नाव एकही नव्हतं. शेवटची ओळ आजची होती.

"चौथा दिवस. माझी रेणुका दिसली नाही."