शीर्षकगीतातलं हसू

सिल्वासातल्या कारखान्यांची धुराडी चौकटीबाहेर ठेवून दमणगंगेच्या काठी मालिकेच्या शीर्षकगीताचं शूटिंग चाललं होतं. नायिका शर्वरी सकाळपासून नायकाची, म्हणजे परागची, वाट पाहत होती. घरी दोघांच्या लग्नाचं सांगायला तो नाशिकला गेला होता, आणि एसटीतून उतरला तो थेट मेकअपलाच बसला.

"लाँग शॉट आहे, आवाज घेत नाही. वर सतार टाकणार आहोत," दिग्दर्शक म्हणाले. "काहीही बोला, फक्त प्रेमात दिसा."

कॅमेरा सुरू झाला.

"सांगितलंस घरी?" शर्वरीने विचारलं.

"सांगितलं. आई म्हणाली, नटी सून नको. मामाच्या मुलीशी ठरवून टाकलंय त्यांनी."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? हास ना, कॅमेरा चालू आहे."

शर्वरी हसली. शॉट पहिल्याच टेकला ओके झाला.

पुढे दर गुरुवारी दूरदर्शनवर ते हसू सतारीसकट दिसायचं. शर्वरीची आई दर वेळी कौतुकाने म्हणायची, "किती खूश दिसतेस गं इथे! काय म्हणत होता तो तुला?"

"हास म्हणाला."