पट्टेवाली पिल्लं

यल्लव्वाची डुकरीण व्याली आणि सातांपैकी पाच पिल्लं अंगावर पट्टे घेऊन आली. असे पट्टे रानडुकराच्या पिल्लांना असतात, घरच्या नव्हे. यल्लव्वाला लगेच आठवलं, चार महिन्यांमागं हीच डुकरीण तीन दिवस मागच्या जंगलात गायब होती.

बघायला अख्खी वस्ती लोटली. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "यल्लव्वा, मटण घरच्यासारखं लागंल का रानातल्यासारखं?"

चौथ्या दिवशी फॉरेस्टचा गार्ड आला. "रानडुकराची पिल्लं पाळणं गुन्हा आहे, मावशी. मला न्यावी लागतील."

यल्लव्वानं खोपटाचं दार उघडलं. पट्ट्याची, बिनपट्ट्याची, सगळी पिल्लं अंगणात पसरलेल्या डुकरिणीकडं धावली आणि सडांना लागली.

"आई माझी हाय, सायेब. बाप तुमच्या खात्याचा. पण त्यानं एकदा तरी येऊन पोरांची चौकशी केली व्हय?"

गार्डला हसू आवरेना. हातातला कागद खिशात घालून तो निघाला, आणि फाटकाशी थबकला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यानं हळूच विचारलं,

"मावशी, मटण कुणासारखं लागेल हो?"