गंमत कशाला म्हणायचं

"ती दिवसभर लघवी दाबून ठेवते हो बाई," मुंगीची आई वर्गाच्या दारातच उभी राहून म्हणाली. शिवणकाम टाकून तशीच आली होती, बाहीला टाचण्या तशाच टोचलेल्या. "घरी आली की धावत सुटते. विचारलं तर गप्प. मला फार भीती वाटते."

पहिलीच्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. वर्गात सगळ्यात चिमुरडी म्हणून त्या पोरीला सगळे मुंगी म्हणायचे. आठवडाभर ती बाकावर अंग चोरून बसत होती. बाईंना दिसत होतं, पण चाळीस पोरांत एकटीकडे बघायला सवड कुणाला?

चौकशी केली. वर्गातल्याच तिघी निघाल्या. मधल्या सुट्टीत मुंगी संडासात शिरली की या बाहेरून कडी लावायच्या आणि दिवा घालवायच्या. बटण बाहेरच होतं. मुंगी आत रडायची.

"आम्ही गंमत करत होतो, बाई," तिघी म्हणाल्या. चेहरे असे साळसूद, की जशा आत्ताच पाळण्यातून उतरल्या.

बाई ओरडल्या नाहीत. सहा वर्षांची पोरं ती, आधी कळायला तर हवं. त्यांनी फळ्यावर दोन चेहरे काढले.

"दोघंही हसले तर ती गंमत. एकच हसला आणि दुसरा नाही, तर तो त्रास. समजलं?"

"हो, बाई," सगळा वर्ग म्हणाला. तिघींनी तर पाठच करून टाकलं.

तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुट्टी झाली की हातातला चहा निवायचा आणि कान बाहेर लागायचे. दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तर त्यांना जास्तच धास्ती वाटली.

तिसऱ्या दिवशी संडासाकडून हसणं ऐकू आलं. चार आवाज, आणि सगळ्यात मोठा मुंगीचा. बाईंना भरून आलं. त्यांनी लगेच तिच्या आईला फोन लावला.

"आता घाबरू नका. तुमची पोर खदाखदा हसतेय."

पलीकडे आई रडायलाच लागली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुंगी टेबलाशी रेंगाळली.

"काय गं?"

"बाई, मला अजून मोठ्यानं हसायला शिकवाल?"

"अगं, छान तर हसतेस."

"अंधारात नीट जमत नाही," मुंगी हळूच म्हणाली. "आणि मी नीट हसेपर्यंत त्या कडी काढत नाहीत."