बाजाराच्या फाटकासमोर

"वहिनी, बाजाराजवळ यानांची नुसती वर्दळ असते. दादाला शनीच्या कड्यांपाशी घर घेऊ, निवांत राहील," दीर म्हणाला. गेलेल्या माणसाचं मन संगणकावरच्या अवकाशखेळात उतरवलं, की तो तिथे बोलता-चालता राही आणि तिथलं त्याचं कायमचं घर बायकोने निवडायचं असे.

हेमांगीने नकाशावर सर्वांत मोठ्या बाजाराच्या फाटकासमोर बोट टेकवलं. "इथेच. ह्यांच्या कारखान्याचा शेठ खेळात रोज इथूनच माल नेतो."

"मग?"

"ह्यांनी जीव तोडून सांगितलं होतं, 'शेठ, शिडी मोडकी आहे.' तरी त्याने ह्यांना वर चढवलंच." तिने बटण दाबलं. "आता रोज फाटकात तेच ऐकू दे त्याला. ह्यांना गप्प करायला तिथे शिडी नाही."